उठत नाही आणि उठवत नाही

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गेले दोन-तीन महिने आपल्या भगिनी गटात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतोय. मुलगा दिवसभर लोळत असतो, काय करू? सुनेला सकाळी उठायला नको, कशात लक्ष नाही, जरा बोललं की रडते. ह्यांनी निवृत्तीनंतर फिरायला जाणंच बंद केलं, दाढीसुद्धा चार-चार दिवस करत नाहीत. आणि प्रत्येकीच्या बोलण्याला शेवटी तेच शेपूट असतं: हा आळस समजायचा, की ते डिप्रेशन का काय म्हणतात ते? पत्रिकेचं काम बघणाऱ्या दादांनी सांगितलं, ताई, यावर तुम्ही लिहा. मी डॉक्टर नाही. पण सेवेकऱ्यांना फोन करून हजेरी घ्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कोण येत नाही आणि का येत नाही हे ऐकता ऐकता, आणि डॉक्टर मंडळींना विचारता विचारता जे समजलं, ते मांडते.

प्रश्न वरून वैद्यकीय वाटतो, पण घरात तो दोष कुणाचा या रूपातच उभा राहतो. आळशी म्हटलं की दोष त्या माणसाचा. आजारी म्हटलं की दोष कुणाचाच नाही, उलट आपल्यावर जबाबदारी येते. डॉक्टर शोधा, रजा काढा, पैसे काढा, नातेवाईकांना काय सांगायचं ते ठरवा. म्हणून तर 'आळशी' हा शब्द इतका स्वस्त झालाय. तो वापरला की आपल्याला काही करावं लागत नाही, फक्त बोलावं लागतं.

त्यातून आपण सत्संगी माणसं. आळसाची निंदा लहानपणापासून कानावर आहे. समर्थ रामदासांनी तर प्रयत्नाला इतकं मोठं स्थान दिलं की आळशी माणसाला त्यांच्या दारात उभं राहायची सोय नाही. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण माणसाला कशाने बांधतो ते सांगितलंय: प्रमाद, आळस आणि निद्रा. पहाटेच्या काकड आरतीला कोण आलं नाही हे आपल्याकडे लगेच लक्षात येतं. हे सगळं योग्यच आहे, त्यात काही सौम्य करावं असं मला मुळीच वाटत नाही. आळस हा शत्रूच. माझं म्हणणं एवढंच की शत्रूवर बाण सोडण्याआधी समोर तोच उभा आहे ना, हे बघायला हवं.

आपल्या मराठीत एक गंमत आहे, रोज बोलतो म्हणून ती लक्षात येत नाही. 'तो उठत नाही' आणि 'त्याला उठवत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात 'तो' करणारा आहे, न उठणं हे त्याचं स्वतःचं काम. दुसऱ्यात तो 'त्याला' होऊन बसतो, काम त्याच्या हातून निसटलेलं असतं. गुडघे धरलेल्या आजींबद्दल आपण 'चालत नाही' असं रागाने म्हणत नाही, 'चालवत नाही' म्हणतो. तापात तोंडाला चव नसली की 'जेवण जात नाही'. घरात कुणी गेलं की 'तिच्याकडे बघवत नाही'. इकडच्या हिंदीतही हे आहेच, 'उससे उठा नहीं जाता'. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना हा फरक ठाऊक होता आणि तो त्यांनी भाषेत जपून ठेवला. अडचण अशी की मधला तो 'व' बाहेरून दिसत नाही. सकाळचे दहा वाजलेत, दोघंही पांघरुणात. एक उठत नाहीये, दुसऱ्याला उठवत नाहीये. दारात उभ्या असलेल्या आईला दोन्ही सारखेच.

मग ओळखायचं कसं? मला याची किल्ली गीतेतच मिळाली, आणि तीही आळसाच्या निंदेतच.

अठराव्या अध्यायात भगवंतांनी सुखाचेही तीन प्रकार सांगितलेत. तामस सुख एकोणचाळिसाव्या श्लोकात येतं. झोप, आळस आणि प्रमाद म्हणजे बेपर्वाई, यांतून निघणारं आणि आधी-नंतर मनाला भुलवत राहणारं ते सुख. पारायणात आपण हा श्लोक भराभर म्हणून पुढे जातो. मला मात्र त्यातला 'सुख' हा शब्द अडवतो. भगवंत त्याला खालच्या दर्जाचं म्हणतात, पण सुखच म्हणतात. म्हणजे आळसात काहीतरी गोड असतं. थंडीत रजईत अजून पाच मिनिटं लोळण्याचा गोडवा कुणाला माहीत नाही? खोटं बोलू नका हं.

आता हे मोजमाप घेऊन घरातल्या माणसाकडे बघा. माझा एक भाचा आहे, अस्सल आळशी. दूध आणायला सांगितलं तर पाय दुखतात. पण रात्री मित्रांचा फोन आला, 'सराफ्यात चल', की सव्वा मिनिटात बूट घालून तयार. रविवारी छप्पन दुकानला जायचं तर सगळ्यांत आधी आंघोळ त्याची. आळस असा निवडून येतो. नको त्या कामापुरता येतो, हवं तिथे नाहीसा होतो. आणि लोळताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते बघून त्याच्या आईचं डोकं आणखी फिरतं.

नैराश्याचा आजार निवडत नाही. तो नावडती कामं तर थांबवतोच, पण आवडत्या गोष्टींची चवही काढून घेतो. डॉक्टर ज्या दोन मुख्य खुणा सांगतात त्यांतली एक सतत खिन्न असणं, आणि दुसरी हीच, पूर्वी ज्यात आनंद वाटायचा त्यात काहीच न वाटणं. सोबत झोप बिघडते, भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, साध्या गोष्टीत लक्ष लागत नाही, निर्णय होत नाही, आपण नालायक आहोत असं वाटत राहतं, मरणाचे विचार येऊ शकतात. यातलं बरंचसं दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, आणि निदान २ आठवडे टिकलं तर ते आजाराकडे झुकतंय असं मानतात. दोन आठवडे ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. पण एखाद-दोन दिवसांचा कंटाळा आणि हे, यांत फरक करायला उपयोगी पडते.

एका घराचं सांगते. घरच्यांची परवानगी आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. मुलगा चोवीस-पंचवीसचा, राज्य सेवा परीक्षेची तयारी करणारा. भंवरकुव्याला कोचिंग, तिथेच लायब्ररीत बसायचं, अशी तीन वर्षं. गुरुवारच्या भजनात तबला वाजवायचा. हात गोड होता, गाणारा चुकला तरी सांभाळून घ्यायचा. एकदा पूर्व परीक्षेत थोडक्यात राहिला. त्यानंतर कोचिंगला जाणं कमी झालं. मग बंद. मग भजनालाही येईना. वडिलांनी मला फोनवर सांगितलं, "अभ्यासाचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही. आमच्या वेळी सायकलवर बारा-बारा किलोमीटर जाऊन नोकरी करायचो." आई म्हणे, मोबाईलमुळे. काकांनी दुकानात बसवायचा सल्ला दिला. घरातल्या प्रत्येकाकडे निदान तयार होतं.

वेगळं बोलल्या त्या फक्त आजी. सत्त्याऐंशीच्या, कानाने कमी, पण रात्री झोप नसल्यामुळे घराच्या रात्रपाळीवर त्याच. त्या म्हणाल्या, "तो झोपत नाही गं. तो पडून असतो. पहाटे तीनला मी पाणी प्यायला उठते तेव्हा त्याचे डोळे उघडे असतात."

झोपणं आणि पडून असणं. बाकी सगळे सकाळी दहाचं दृश्य बघत होते, आजींनी पहाटे तीनचं पाहिलं होतं. नैराश्यात अनेकांना रात्री झोप लागत नाही किंवा पहाटे फार लवकर जाग येते, मग झोप नाहीच. काहींना उलट खूप झोप येते, पण उठल्यावर ताजंतवानं वाटत नाही. बऱ्याच जणांना सकाळ सगळ्यांत जड जाते आणि संध्याकाळकडे थोडं हलकं वाटतं. नेमकी हीच वेळ घरच्यांना खटकते: "सकाळी मुडद्यासारखा पडलेला असतो, संध्याकाळी बरा बोलतो, म्हणजे नाटक!" नाटक नव्हे, तो आजाराचा एक ढंगच आहे.

आजींनी आणखी एक सांगितलं. त्याने तबल्यावर कापड टाकून ठेवलंय. धूळ बसू नये म्हणून नव्हे, दिसू नये म्हणून. मला वाटतं, त्या घरात विचारायला हवा होता तो प्रश्न इथे होता. पोरगा अभ्यास करत नाही याला शंभर कारणं असतील. ज्या तबल्यासाठी तो ताप अंगात असताना यायचा, तो तबला का नको? अभ्यास चुकवणाऱ्याला तबला चुकवायचं काय कारण?

पुढचं थोडक्यात. फॅमिली डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. थायरॉइड कमी पडलं, हिमोग्लोबिन उतरलं, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्व कमी झालं, साखर वाढली, तरी माणूस असाच गळून जातो आणि घरात आळशी ठरतो. बी-१२ मुख्यतः प्राणिजन्य आहारातून मिळतं, त्यामुळे आपल्या शाकाहारी घरांत, आणि त्यातही उपासतापास करणाऱ्या बायकांत, ते कमी असणं काही नवलाचं नाही. काही औषधांनीही मरगळ येते. बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या काळात शरीरातच इतकी उलथापालथ होते की त्या बाईला कुणी 'सुस्तावली आहे' म्हणण्याआधी स्वतःच्या जिभेला आवर घालावा. या मुलाचं रक्त बहुतेक ठीक निघालं. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषध सुरू झालं, आठवड्याला एकदा समुपदेशन. पहिल्या दहा-बारा दिवसांत काहीच फरक नाही म्हणून वडील गोळ्या बंद करायला निघाले होते. या औषधांचा परिणाम दिसायला साधारण २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात, हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. आणि बरं वाटलं तरी पुढे काही महिने ती घ्यावी लागतात, डॉक्टरांना न विचारता मध्येच सोडायची नसतात. आज तो मुलगा भजनाला येतो. दर गुरुवारी नाही, पण येतो. परीक्षा द्यायची की नाही ते त्याने अजून ठरवलेलं नाही, आणि आता त्याला कुणी विचारतही नाही. वडील पूर्वी 'आज किती वाजता उठलास?' विचारायचे, आता 'रात्री झोप लागली का?' विचारतात.

याच घरात आणखी एक खूण दिसली होती. आळशी माणसाला आळशी म्हणा, तो भांडेल. कारणं देईल, तुम्हीच काय करता ते काढेल. भाचा तर वकिलासारखा बाजू मांडतो. या मुलाला वडील आळशी म्हणाले की तो मान खाली घालून म्हणायचा, "हो बाबा, मी आळशीच आहे. मी तुमच्यावर ओझं आहे." घरच्यांनी याचा अर्थ लावला, बघा, स्वतःच कबूल करतोय! पण स्वतःला दोष देत राहणं हे या आजाराचंच एक लक्षण आहे. ज्याला गोड लागतंय तो आपला आळस सोडायला तयार नसतो, त्याची बाजू घेतो. ज्याला स्वतःची किळस आलीय तो कुठल्याही आरोपावर सही करतो. त्याची कबुली पुरावा म्हणून घेऊ नये.

आपल्या सत्संगी घरांत हीच गोष्ट भक्तीचे कपडे घालून येते, म्हणून जास्त जपायला हवं. बाई म्हणते, "माझं नामात मन लागत नाही, मीच पापी. महाराजांच्या फोटोसमोर बसले तरी काही वाटत नाही, माझीच श्रद्धा कमी पडते." आपण याला नम्रता समजतो, कौतुकाने मान डोलावतो. ज्या बाईला पूर्वी आरतीत डोळ्यांतून पाणी यायचं तिला आता काहीच वाटत नाही, तर श्रद्धा आटली असं समजण्याआधी बाकीच्या गोष्टींतूनही तिला काही वाटेनासं झालंय का ते विचारा. नातवाला घेतल्यावर वाटतं का? पुरणपोळी कशी लागली? सगळीकडचा रस एकदम आटला असेल तर दोष भक्तीचा नाही.

दुसरा घोटाळा त्याहून अवघड. एखादी बाई चांगली साडी नेसेनाशी होते, जेवण कमी करते, माहेरच्या लग्नाला जात नाही, कशात असून नसल्यासारखी. आपण म्हणतो, वा, वैराग्य आलं, उदासीन झाली! 'उदासीन' हा आपल्याकडे मोठा शब्द आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताच्या लक्षणांत तो आलाय, सोळाव्या श्लोकात. पण त्याच श्लोकात त्याला चिकटून कुठले शब्द आहेत ते बघा. दक्ष, म्हणजे तत्पर, जागा. आणि गतव्यथ, ज्याची व्यथा गेलेली आहे. खरा उदासीन माणूस दक्ष असतो आणि त्याला आतून दुखत नसतं. जिला भाजी चिरायला घेतल्यावर कोथिंबीर निवडायची की बटाटा सोलायचा हे ठरवता येत नाही, जी न्हाणीघरात नळ सोडून रडते, तिचं ते वैराग्य नव्हे. इकडे हिंदीच्या संगतीने आपण उदास आणि उदासीन एकच करून टाकलंत, त्याचाही हा परिणाम असेल.

आणि सगळेच आजारी पडून राहतात असंही नाही, बरं का. घरातली बाई बहुतेक वेळा पडून राहूच शकत नाही. डबे होतात, पाहुणे होतात, सेवेत पोळ्या लाटल्या जातात, फोटोत हसूही असतं. ती कुणाला आळशी वाटत नाही, म्हणून तिच्याबद्दल हा प्रश्नच कुणी विचारत नाही. पुरुषांत कधी कधी उदासीऐवजी चिडचिडच दिसते. याबद्दल पुन्हा कधीतरी स्वतंत्र लिहीन.

काही जणांच्या मनात येईल की शास्त्रात हे भेद कुठे आहेत, ही डॉक्टरांची नवी खुळं. शास्त्रात आहेत. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात, तिसाव्या सूत्रात, साधनेत येणारे नऊ अडथळे मोजलेत. त्यात व्याधी वेगळी, स्त्यान म्हणजे चित्ताचं थिजून जाणं वेगळं, आणि आळस वेगळा. एकच गोष्ट असती तर सूत्रकाराने तीन शब्द खर्च केले नसते, सूत्रात एक अक्षर वाचवायलाही ते लोक जपायचे. आणि लगेच पुढच्या सूत्रात या अडथळ्यांबरोबर काय येतं ते सांगताना दुःख आणि दौर्मनस्य ही नावं घेतली आहेत. समर्थांचंही तसंच. प्रयत्नाचा आग्रह धरणाऱ्या त्याच दासबोधात तिसऱ्या दशकाचा सहावा समास आध्यात्मिक तापावर आहे, आणि त्यात देहाला होणाऱ्या रोगांची लांबलचक यादी आहे. रोग्याला आळशी म्हणायचं त्यांच्या मनात असतं तर वेगळा समास कशाला लिहिला असता?

अर्जुनाचं उदाहरण तर सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या विषादाला मी आजार म्हणत नाही. पण पहिल्या अध्यायातलं वर्णन नीट ऐका. गात्रं गळतात, तोंड कोरडं पडतं, अंग थरथरतं, धनुष्य हातातून निसटतं, उभं राहवत नाही. हे 'राहवत नाही' आलंच बघा पुन्हा. आणि हा माणूस आळशी नाही, झोपेवर विजय मिळवलेला म्हणून गुडाकेश हे त्याचं नावच आहे! दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत आधी आपल्यासारखंच बोलतात. हे तुला शोभत नाही, हृदयाचा दुबळेपणा सोड, ऊठ. दोन श्लोक. अर्जुन उठत नाही. उलट थोडं बोलून, 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसतो. भगवंतांनी तेच दोन श्लोक पुन्हा पुन्हा ऐकवले नाहीत. त्यानंतर जे सांगितलं त्याला गीता संपेपर्यंत वेळ दिला, मध्ये अर्जुनाने कितीतरी प्रश्न विचारले, त्याच त्याच शंका काढल्या, तरी ऐकून घेतलं. आपण आपल्या मुलांच्या बाबतीत त्या पहिल्या दोन श्लोकांवरच वर्षानुवर्षं अडकून असतो.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. हल्ली पोरं 'डिप्रेस्ड आहे' हा शब्द चणे-फुटाण्यासारखा वापरतात. पेपर कठीण गेला, डिप्रेस्ड. मैत्रिणीने रील लाइक केलं नाही, डिप्रेस्ड. एका आजोबांनी मला विचारलं, असं प्रत्येकाला आजारी ठरवलं तर कष्ट करणार कोण? प्रश्न रास्त आहे. ज्याच्यात ताकद आहे त्याला 'तुझ्याने होणार नाही' म्हणणं हाही त्याचा अपमानच, आणि माझ्या भाच्याला सहानुभूती दाखवली तर तो ती उशाला घेऊन झोपेल. रात्री दोनपर्यंत मोबाईल बघून सकाळी 'उठवत नाही' म्हणणाऱ्याचा मोबाईल आधी दुसऱ्या खोलीत ठेवा, आठवडाभरात कळेल. आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. आजारातून उठलेल्या माणसाला पडून राहण्याची सवय लागते, मग तिथे थोडा रेटा लागतो. डॉक्टरही औषधाबरोबर हेच करायला लावतात, फक्त त्यांचा रेटा लहान असतो: आज फक्त आंघोळ, उद्या गॅलरीत पाच मिनिटं, परवा कोपऱ्यापर्यंत. इच्छा झाली की करू असं नाही, आधी थोडं करायचं, इच्छा हळूहळू मागून येते. यात प्रयत्न आहेच की. समर्थांना नावडावं असं काही नाही.

पण शंका असेल तेव्हा कुठल्या बाजूने चुकायचं? मी असा हिशेब करते. आळशी मुलाला समजा आजारी समजून डॉक्टरांकडे नेलं, तर तपासणीची फी गेली, एक सकाळ गेली, आणि डॉक्टर सांगतील, काही नाही झालंय, कामाला लावा. आजारी मुलाला आळशी समजून वर्षभर टोचत राहिलं, तर काय काय जाऊ शकतं ते मला इथे लिहवत नाही. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. म्हणून हा निकाल आईने, सासूने, शेजारणीने किंवा माझ्यासारख्या हजेरी घेणारीने फोनवर लावायचाच नाही. आपलं काम खुणा बघण्याचं. निदान डॉक्टरांचं.

मग लोक म्हणतात, डॉक्टर कशाला, नाम घे, सगळं ठीक होईल. नामावर माझी श्रद्धा कुणापेक्षा कमी नाही. पण आपल्यापैकी किती जण रक्तदाबाची गोळी घेऊन आरतीला उभे असतात? मोतीबिंदूचं ऑपरेशन करताना कुणी विचारलं नाही की तुमची श्रद्धा कमी पडली का. मेंदूही देहाचाच भाग आहे. ज्याला जमेल त्याने नाम जरूर घ्यावं, ज्याला जमत नाही त्याच्या वतीने घरातल्यांनी घ्यावं, पण गोळी चालू राहू द्यावी. नवस बोलून किंवा कुणी सांगितलं म्हणून ती बंद करणारी दोन घरं मला माहीत आहेत, दोन्हीकडे त्रास वाढला. आणि कृपा करून अशा माणसाला रोज सकाळी 'हसा, आनंदी राहा, सकारात्मक व्हा' छापाचे मेसेज पाठवू नका. त्याला ते जमत नाहीये हाच तर त्याचा आजार आहे.

त्याऐवजी काय बोलावं? फार काही नाही. शेजारी जाऊन बसावं. चहा न विचारता ठेवावा. 'तुला काय झालंय?' पेक्षा 'मी बसते थोडा वेळ' हे सोपं जातं. डॉक्टरांची वेळ आपण घ्यावी, कारण त्याला फोन उचलवत नाही. कुणी 'जगून काय करायचं', 'मी नसलो तर बरं होईल' असं बोललं, तर ते नाटक आहे का याची परीक्षा घेत बसू नका. सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. त्याला एकटं सोडू नका, औषधं, कीटकनाशक वगैरे हाताशी राहू देऊ नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

सरकारची टेली मानस ही मोफत फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मराठीसह अनेक भाषांत बोलता येतं. प्रत्यक्ष जायचं असेल तर आपल्या बहुतेक केंद्रांच्या जवळपास सरकारी सोय आहे. इंदूरला बाणगंगेचं मानसिक रुग्णालय, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा, बडोद्याला कारेलीबागेतलं, हैदराबादला एर्रागड्डा, गोव्याला बांबोळीची मानसोपचार संस्था, बेळगावकरांना धारवाडची संस्था. ही नावं वाचताना काहींना हसू येईल, कारण यांतली निम्मी नावं आपण एकमेकांची चेष्टा करायलाच वापरत आलोय. तिथे रोज साधी माणसं बाहेरच्या विभागात तपासून, औषध घेऊन, दुपारच्या जेवणाला घरी परत जातात.

आमच्या इंदूर केंद्रात आम्ही हजेरीच्या वहीत एक छोटा बदल केलाय. पूर्वी सलग तीन गुरुवार कुणी आलं नाही की नावापुढे फुली मारायचो. आता फुली मारत नाही, घरी जातो. दोघी जातो, सोबत प्रसाद नेतो, सेवेबद्दल काही विचारत नाही. डॉक्टरांकडे जायला कुणाला सोबत हवी असेल तर आपल्या केंद्राच्या भगिनींना खाजगी मेसेज करा, गटावर लिहू नका. नाव कुठेही येणार नाही. इतर केंद्रांना असं काही सुरू करायचं असेल तर मला कळवा, आम्ही कसं करतो ते फोनवर सांगते. दुपारी दोन ते चार मी मोकळी असते.

आपली एक गुरुभगिनी,
इंदूर केंद्र